एकसष्ट पट्ट्यांचा अर्नोल्द

अर्नोल्द युगाय वाजवायला बसला की त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. त्याच्या शेजारी उभी राहून इतकी वर्षं गायले, तेव्हा आपोआप दिसलं. गाणं भरात आलं की त्याची करंगळी पट्ट्या सोडून डावीकडे जायची. कीबोर्डच्या काळ्या प्लास्टिकवर, जिथे पट्टीच नाही तिथे, एकदा टक् करून दाबायची. सूर काही निघायचा नाही. निघणार कुठून? मग हात पुन्हा आत यायचा आणि गाणं पुढे चालू. पाहुणे खाण्यात, पिण्यात, नाचण्यात गुंग, त्यांना काय पडलंय! पण तेवढ्या जागेवरचं प्लास्टिक झिजून पांढुरकं पडलं होतं.

अल्माटीपासून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या आमच्या उश्तोबे गावात कोरियन घरी कुठलंही टेबल, म्हणजे समारंभाची मेजवानी, मांडायचं ठरलं की दोघांना निरोप जातो. एक मी, इनेस्सा शेगाय. गाणं माझं आणि कार्यक्रम हाकणंही माझं. कुणी आधी बोलायचं, कुणी आधी वाकायचं, कुणाच्या मेव्हण्याला आता पुरे म्हणून खाली बसवायचं, हे सगळं माझ्याकडे, कारण गावात माझ्याएवढं तोंड दुसऱ्या कुणाला नाही. दुसरा अर्नोल्द. तो बोलत नाही. कीबोर्ड ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणायचा, वाजवायचा, पुन्हा ब्लँकेटमध्ये गुंडाळून न्यायचा. यजमानीण डब्यात सारण भरून वाफवलेल्या बेगोद्या घालून द्यायची, तेवढ्या मात्र न विसरता घ्यायचा. घरी रांधायला कोण होतं त्याच्या?

पूर्वी हे असं एकट्याचं काम नव्हतं. कारखान्याच्या क्लबात चौघांचा ताफा होता. ढोलवाला, गिटारवाला, अर्नोल्दच्या गळ्यात अकॉर्डियन आणि त्याचा धाकटा भाऊ क्लिम बास गिटारवर. क्लिम दिसायला राजबिंडा, हसायला लागला की पोरी ताटं विसळायच्या थांबत. ढोलवाला दारूपायी गेला. तेव्हा अर्नोल्दने अल्माटीच्या बाजारातून हा जुना कीबोर्ड आणला, ढोल यंत्राने वाजवावा म्हणून. मग गिटारवाला मुलाकडे राहायला गेला. त्याचं काम मधल्या पट्ट्यांवर आलं. अकॉर्डियनचा भाता फाटला, तो शिवणारा कुणी उरला नाही, तेव्हा अर्नोल्दने स्वतःला सगळ्यांत वरच्या सप्तकात नेऊन बसवलं. म्हणजे अकॉर्डियनचा आवाज तिथे लावला आणि माझ्या गाण्यावरून ती त्याची गिरकी उजव्या हाताने घ्यायला लागला. ती गिरकी ऐकली की म्हातारेसुद्धा मान डोलवायचे. डावीकडे उभा राहायला तेव्हा क्लिम होता.

मग क्लिमही गेला. कोरियाला. आमच्या आजोबांना सरकारने कोरियाच्या सीमेवरून उचलून, मालगाडीत घालून इथल्या उजाड माळावर आणून सोडलं, त्यांनी बिळं खणून पहिला हिवाळा काढला, भात पिकवला, आणि आता त्यांची नातवंडं रांगा लावून कोरियाला जातात, कारखान्यात डबे भरायला. तिथे म्हणे त्यांना परदेशी समजतात. माझीही दोन्ही पोरं तिकडेच आहेत, म्हणून मी फार बोलत नाही. क्लिम म्हणाला होता, तीन वर्षं कमावतो आणि परत येतो. बास गिटार अर्नोल्दच्या भिंतीवर टांगून गेला. अर्नोल्द दर रविवारी तिच्या तारा फडक्याने पुसायचा. मी एकदा म्हटलं, अरे, आईच्या फोटोवर धूळ साचलीय, ती पूस आधी.

करंगळीचं कोडं मला त्यानेच सोडवून सांगितलं. एका लग्नानंतर आम्ही सामान आवरत होतो. मला दोन पेग जास्त झाले होते, म्हणून थेट विचारलं, तू त्या प्लास्टिकला काय टोचत असतोस?

त्याने हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "या यंत्राला सुरांची नावं कळत नाहीत, इनेस्सा. त्याला आकडे कळतात. शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत. एवढे सूर त्याच्या पोटात आहेत. पियानोलासुद्धा इतके नसतात."

"मग तुझ्या पट्ट्या का नाहीत तेवढ्या?"

"माझ्या एकसष्ट. छत्तीसपासून शहाण्णवपर्यंत. मध्य सप्तक जिथून सुरू होतं ती पांढरी, तिचा आकडा साठ. क्लिमची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की जो सूर निघतो, तो अठ्ठावीस." त्याने करंगळी त्या झिजलेल्या जागेवर ठेवली. "तो इथे कुठेतरी येतो. बाहेर."

मी विचारलं, म्हणजे तो सूर हिच्यात नाहीच? तो म्हणाला, आहे ना. वर एक बटण आहे, ते दाबलं की सगळ्या पट्ट्या एक सप्तक खाली सरकतात, मग अठ्ठावीस मिळतो. पण नुसत्या डावीकडच्या सरकत नाहीत, अख्ख्या सरकतात. वरचं सप्तक जातं. खिडकी तेवढीच, इकडे सरकवली की तिकडचं झाकलं जातं. लहान कीबोर्ड घेतलास तरी सूर सगळे मिळतात, म्हणाला, फक्त एका वेळी मिळत नाहीत.

"मग दाब की कधीतरी," मी म्हटलं.

"ती क्लिमची जागा आहे," तो म्हणाला. "आला की वाजवेल."

मी डबे उचलले. जाता जाता उगाच विचारलं, हे एकसष्ट काय लचांड आहे, सरळ साठ का नाहीत? तेव्हा तो चक्क हसला. साठ पट्ट्यांत पाच सप्तकं भरतात, म्हणाला, पण शेवट उघडा राहतो. एकसष्टावी पट्टी म्हणजे पुन्हा पहिलीच, फक्त वरची. ती लावली की घर बंद होतं.

आता टेबलांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात माणसाला आयुष्यात तीन टेबलं मिळतात. पहिलं, वर्षाचा झाला की. दुसरं लग्नाचं. तिसरं साठ पुरी होऊन एकसष्टावं लागलं की, आणि ते मुलांनी मांडायचं असतं. मुलं, धाकटी भावंडं, भाचे-पुतणे समोर जमिनीवर डोकं टेकून वाकतात आणि पेला भरून देतात. पण ज्याचं पहिलं मांडलं गेलं नाही, त्याला पुढचं मांडायचं नाही. अपशकुन होतो. अर्नोल्दचं पहिलं राहिलं होतं.

दोष कुणाचाच नाही. त्याचे आईबाप उन्हाळाभर दूरच्या वावरांवर कांदा पिकवायला जायचे, आमच्याकडे अर्धं गाव जायचं. अर्नोल्द कांद्याच्या काढणीत जन्मला. वर्षाने त्याच दिवशी पुन्हा काढणीच चालू होती, आभाळ भरून आलं होतं आणि कांदा उघड्यावर पडला होता. बाप म्हणाला, घरी गेल्यावर मांडू. घरी पोचले तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं आणि बायका म्हणाल्या, दिवस टळला तो टळला. क्लिम शहाणा, तो जन्मला जानेवारीत, सगळे घरी असताना. त्याचं टेबल असं मांडलं की लोक अजून आठवण काढतात.

पुढे अर्नोल्दचं एका ठिकाणी ठरत आलं होतं. मुलगी मोठी गोड होती. तिच्या आईने विचारलं, मुलाचं पहिलं टेबल कुठे झालं? झालंच नाही म्हटल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला. बस्स, तेवढंच. नंतर क्लिमच्या लग्नाला, रितीचा उकडलेला कोंबडा चोचीत लाल मिरची धरून टेबलावर मिरवत असताना, अकॉर्डियन अर्नोल्दनेच वाजवलं.

असा हा माणूस. गावातल्या निम्म्या पोरांच्या पहिल्या टेबलाला त्याने वाजवलंय, त्यांच्या लग्नांत वाजवलंय, त्यांच्या आईबापांच्या साठीला वाजवलंय. स्वतः मात्र कधी टेबलाच्या त्या बाजूला बसला नाही. आणि त्याचीच साठी आली. मलाच सप्टेंबरच्या तोंडावर आठवण झाली. मी म्हटलं, काय रे, काय करायचं?

"काय करायचं? कांदा स्वस्त झालाय, लोणचं घालू," म्हणाला.

मी तिथेच बसून राहिले. मी हलत नाही हे बघून शेवटी त्याने तोंड उघडलं. क्लिमशी बोलणं झालं होतं. क्लिमचा मालक नुसत्या वाढदिवसाला सुट्टी देत नाही. पण थोरल्या भावाच्या साठीचं टेबल असेल तर देतो, तिथेही त्याची रीत आहे. इतकी वर्षं झाली, क्लिम एकदाही आला नव्हता. तीन वर्षांची नऊ झाली होती.

"मला टेबल नको इनेस्सा," तो म्हणाला. "त्याने एकदा समोर यावं. एवढंच हवंय."

मला असा राग आला! कुणाचा ते विचारू नका. चप्पल पायात सरकवली आणि तडक अग्राफेना आजीकडे गेले.

अग्राफेना पेगाय नव्वदीला टेकलेली. कमरेतून वाकलीय, पण गावात कुठलं टेबल कधी, कुणी, कसं मांडायचं ते तिला विचारल्याशिवाय होत नाही. तिच्या शब्दाबाहेर जाऊन टेबल मांडलं तर आचारीण येणार नाही, शेजारी येणार नाहीत, आणि आले तरी दारात उभे राहून कुजबुजत बसतील. म्हातारी अंगणात मिरच्या निवडत होती. मी सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही.

म्हणाली, "पहिलं नाही, दुसरं नाही, आणि एकदम तिसरं? पोरी, मी काही त्याच्या वाईटावर नाही. तेव्हा मी त्याच कांद्यात होते. त्याच्या आईला मीच म्हटलं होतं, एक वाटी भात ठेव, दोन मिनिटांचं काम. तिला सासऱ्याची भीती."

मी भांडले. म्हटलं, आजी, तुम्ही लोकांनी त्या माणसाचं आयुष्य एका वाटी भातापायी गोठवून ठेवलंत. लाज वाटते का? ती म्हणाली, तोंड सांभाळ. मी म्हटलं, तोंडावरच पोट आहे माझं, ते काय सांभाळू? तिने मिरच्यांचं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं, म्हणजे निवड आणि गप्प बस. मी निवडत बसले. बोटं चुरचुरायला लागली. आणि निवडता निवडता ते एकसष्ट पट्ट्यांचं आठवलं.

मी साळसूदपणे विचारलं, आजी, आपल्या जुन्या हिशोबात साठ वर्षं सरली की पुढचं वर्ष कुठलं येतं?

"तेच येतं. फिरून पहिलंच येतं. म्हणून तर साठीचं टेबल मांडायचं." आमच्या वर्षांना प्राण्यांची नावं असतात, ती तिने बोटांवर मोजली. "अर्नोल्द कोंबड्याच्या वर्षातला. यंदाही तोच कोंबडा आहे."

"म्हणजे तो यंदा पुन्हा नवा."

"नवा म्हणजे?"

"म्हणजे त्याचं घर बंद झालं आणि तो पुन्हा पहिल्या पट्टीवर आला. मग पहिलं टेबल आता का नाही मांडायचं? सकाळी पहिलं मांडू, दुपारी तिसरं."

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता काठी पाठीत बसते. तिने एक मिरची उचलली, वास घेतला, टोपलीत टाकली. दुसरी उचलली.

"बाराच्या आत," ती म्हणाली. "पहिलं टेबल बाराच्या आत झालं पाहिजे. उशीर केला तर पोराचं लग्न उशिरा होतं."

"आजी, तो साठ वर्षांचा आहे."

"म्हणून तर म्हणते, आणखी उशीर नको."

माझा जीव भांड्यात पडला. क्लिमला मीच फोन केला. तो ओरडलाच आनंदाने. सुट्टी मिळाली, तिकीट काढलं, अल्माटीला उतरून रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी स्टेशनवर भेटा. अर्नोल्दला सांगितलं तर त्याने उठून भिंतीवरची गिटार काढली आणि सुरात लावायला बसला. एक तार गंजून तुटली. ती त्याने सायकलवर बसून जाऊन कुठून तरी पैदा केली. देव जाणे कुठून.

त्या दिवशी आचाऱ्यांची धावपळ पहाटेपासूनच. अंगणात चिकट भात कुटून चारतेगीच्या वड्या चालल्या होत्या, दोघं आळीपाळीने मोगरी मारत होते. गाजराच्या सॅलडची परात, वाफेवरच्या बेगोद्या, थंड कुक्सीसाठी शेवया वेगळ्या. अर्नोल्दला अग्राफेना आजीने सकाळीच सांगून ठेवलं होतं, आज तू घरातून हलायचं नाहीस, तान्ही पोरं स्टेशनवर जात नाहीत. म्हणून स्टेशनवर मी गेले.

गाडी आली. पोती उतरली, दोन शिपाई उतरले, एक बाई कोंबड्यांचा पिंजरा घेऊन उतरली. गाडी निघून गेली. मी फलाटाच्या दोन्ही टोकांना जाऊन आले, म्हटलं उलट्या बाजूने उतरला असेल. तेवढ्यात फोन वाजला.

क्लिम म्हणाला, ताई, मी विमानात बसलोच नाही. लेकीला दिवस गेलेत, तब्येत नाजूक आहे, घराचे हप्तेही चालू झालेत, सुट्टीचे पैसे कापले तर भरणार कसे. दादाला कसं सांगू कळेना, म्हणून तुला सांगतोय.

मी म्हटलं, "घराचे हप्ते? कुठलं घर?"

तो म्हणाला, इकडेच घेतलंय. वर्ष झालं.

त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, दादाला सांगायचं ते तूच सांग, मी तुझी टपालवाली नाही. टेबलावर फोन लावीन, तेव्हा तोंड दाखव. आणि फोन बंद केला. येताना रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. एकही जुळलं नाही.

अर्नोल्द इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारातच उभा होता. मला एकटीला येताना बघितलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "गाडीला गर्दी होती का?"

"होती," मी म्हटलं.

"मग बसायला मिळालं नसतं त्याला," म्हणाला, आणि आत गेला.

पहिलं टेबल झालं. साठ वर्षांच्या माणसाला अग्राफेना आजीने हाताला धरून आणलं. ती त्याच्या कोपरापर्यंत येते, पण धरलं असं की जणू सोडलं तर पडेल. टेबलावर चारतेगी, भाताची वाटी, लाल घेवडा, दोरा, कात्री, पुस्तक, पेन्सिल. बाळ आधी कशाला हात घालतं त्यावर पुढचं ठरतं. बायका तोंडावर हात धरून हसत होत्या, कुणी तरी व्होडकाचा पेला हळूच मध्ये सरकवून दिला होता. मीही हसत होते, हसले नसते तर रडले असते. अर्नोल्दने आधी दोरा उचलला. म्हणजे दीर्घायुष्य. "अरे बापरे, अजून किती!" आजी म्हणाली, तेव्हा तोसुद्धा हसला. मग त्याने भाताची वाटी उचलली आणि खाली ठेवलीच नाही. बाकीचं घे म्हटलं तर घेईना. दोन्ही हातांत धरून बसून राहिला. म्हातारीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, जाऊ द्या, त्याचं मिळालं त्याला.

दुपारी तिसरं टेबल. अर्नोल्दला मधोमध बसवलं. समोर चटई अंथरली होती, वाकणाऱ्यांसाठी. रिकामी. इतर घरी या चटईवर पोरासुनांची रांग लागते, मागून ढकलाढकली होते. हल्ली अर्ध्या घरांत पोरं फोनमधूनच वाकतात, पण निदान एखादी मुलगी, एखादा पुतण्या असतो. इथे कुणीही नव्हतं. मी लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला आणि लावला.

क्लिम दिसला. केस विरळ झालेत, डोळ्यांखाली पिशव्या. अर्नोल्द पुढे झुकून बघत होता, जवळून, फार जवळून. क्लिमने गुडघे टेकले आणि जमिनीवर डोकं ठेवलं. फोनमध्ये नुसतं छप्पर दिसत होतं. बराच वेळ छप्परच दिसलं. वर आला तेव्हा रडत होता.

"दादा, मी नाही येत आता," तो म्हणाला. "म्हणजे... राहायलाच इकडे. माफ कर. माझी गिटार देऊन टाक कुणाला तरी. पडून खराब होईल."

अर्नोल्द म्हणाला, "तार नवी घातलीय."

"दे कुणाला तरी."

"देतो."

मी एरवी अशा वेळी काहीतरी फटकळ बोलून वेळ मारून नेते, पण तेव्हा बरणीला टेकवलेला फोन सरळ करत बसले. एक म्हातारा उगाचच म्हणाला, साठ झाली, आता काय, उतरणच. अर्नोल्द त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, माझ्या यंत्रात साठ म्हणजे मध्य असतो. आणि उठला.

आजी ओरडली, टेबलाचा माणूस उठत नाही! पण क्लिम फोनमधून म्हणत होता, दादा, आपलं ते कांद्याच्या रानातलं गाणं वाजव ना, एकदा. आणि वाजवायला दुसरं होतं कोण? अर्नोल्द कीबोर्डमागे जाऊन बसला. टेबलामागची खुर्ची मोकळी राहिली.

त्याने सुरू केलं. मी उभी राहिले आणि गायला लागले. हे गाणं आम्ही हजार वेळा केलंय. शेवटी एक जागा आहे, तिथे सगळं थांबतं आणि क्लिमची जाड तार एकटीच वाजायची. ती जागा जवळ आली. मी नेहमीप्रमाणे डाव्या हाताकडे बघत होते. करंगळी पट्ट्या सोडून डावीकडे गेली, त्या पांढुरक्या जागेवर, आणि वरच थांबली. टेकली नाही.

मग त्याने उजवा हात उचलला आणि बटण दाबलं.

दोन्ही हात एक सप्तक उजवीकडे सरकवून त्याने ती ओळ पुन्हा घेतली. करंगळी आत आली, खऱ्या पट्टीवर आली, आणि तो सूर निघाला. त्या मोठ्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर मी कधी ऐकलाच नव्हता. ऐकला म्हणण्यापेक्षा पायात लागला. टेबलावरचे चमचे थरथरले. आजीने छातीवर हात ठेवला.

"दादा?" फोनमधून क्लिम म्हणाला. "थांबलास का? काही ऐकू येत नाही."

फोनमध्ये इतकं खालचं पोचत नाही, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की अर्नोल्द तो सूर दाबून धरून बसलाय आणि क्लिम स्क्रीनवर कान जवळ आणून विचारतोय, वाजव ना दादा, का थांबलास. अर्नोल्दने मला मानेने खुणावलं, गा. मी गायले. माझ्या आवाजावर त्याची ती अकॉर्डियनची गिरकी यायला हवी होती. उजवा हात सवयीने वर गेला, शेवटच्या पट्टीपर्यंत गेला, तिच्याही पुढे गेला. आणि करंगळी उजव्या टोकाच्या काळ्या प्लास्टिकवर टक् करून पडली.

गिटार त्याने पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या शाळेला देऊन टाकली. भिंतीवर खिळा आहे अजून. आम्ही अजूनही टेबलांना जातो, ब्लँकेट, डबे, सगळं तेच. बटण दाबून पट्ट्या त्याने पुन्हा वर सरकवलेल्या नाहीत. लोक म्हणतात, हल्ली अर्नोल्दचं वाजवणं भरदार झालंय, खालून कसं घुमतं. ती गिरकी कुणाला आठवत नाही. उजवीकडचं प्लास्टिक आता झिजायला लागलंय.